बिनदाती माल

उंदीर विकून मी परभणीत घर बांधलं. आमच्या सोयऱ्यांत हे वाक्य अजून दबक्या आवाजात बोललं जातं. थोरल्या मुलीच्या बैठकीत व्याह्यांनी विचारलं, "आपला व्यवसाय काय?" तेव्हा माझ्या आधी माझे मोठे भाऊच बोलून गेले, "कॉलेजांना माल पुरवतात." मी तिथंच म्हणालो, "उंदीर पुरवतो. पांढरे." बैठक मोडता मोडता राहिली. पण धंद्याची लाज मला त्या दिवशी वाटली नाही आणि आजही वाटत नाही. लाज वाटते ती एका सकाळची. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमतीचे आधी देतो, म्हणजे पुढचं लिहायला मन तयार होईल.

मी मूळचा मानवतचा. तिथल्या कापूस बाजारात बोजे उचलले, मग एका अडत्याकडे सौदे करू लागलो. माझं डोकं लवकर तापतं. अडत्याशी वाजलं आणि मी परभणी स्टेशनवर पार्सल उतरवायला आलो. तिथं एका कॉलेजच्या नावानं जाळीचं खोकं यायचं. आत पांढरे उंदीर, आणि उन्हाळ्यात त्यातले निम्मे मेलेले. कॉलेजचा शिपाई नाकाला रुमाल लावून ते घेऊन जायचा. एकदा मी त्याच्या मागोमाग गेलो आणि आतल्या साहेबांना म्हणालो, "साहेब, मेलेल्याचं भाडं भरायलात तुमी. मी जिता माल देतो. मरेल तो माझा."

साहेब हसले. पण पैदाशीला दोन जोड्या पदरात पाडून घेतल्याशिवाय मी खुर्चीजवळून हललो नाही. खुर्चीजवळून म्हणतो, कारण खुर्चीवर बसा असं त्या कॉलेजात मला कुणी म्हटलं नाही. तिथल्या साहेबांनी माझ्या उंदरांवर अभ्यास करून नावापुढं डॉक्टर लावलं, आणि मी आपला दाराशी उभा. ते असो.

"मरेल तो माझा" हेच माझ्या धंद्याचं भांडवल. ते सांभाळायला काय करावं लागतं, हे बाहेरच्याला कळत नाही. उंदरीण तीन आठवड्यांत विते. पिलं सोललेल्या शेंगदाण्याएवढी, लालसर, आंधळी. त्यांना हात लावायचा तर हाताला कांद्याचा वास नको, अत्तराचा नको, विडीचा तर नकोच. आई बिथरली की पिलं खाऊन टाकते. डब्यात लाकडाचा भुसा, तोही सुकलेला. आणि सगळ्यात मोठा वैरी म्हणजे आमचं ऊन. मी शेडला पोत्यांचे पडदे लावले होते आणि वैशाखात ते दिवसभर भिजवायचे. वीज गेली की घरातली सगळी माणसं पुठ्ठे घेऊन वारा घालत बसायची. पाहुणे आले तर त्यांच्याही हातात पुठ्ठा.

गिऱ्हाइकंही एकेक. एक गारुडी नागाच्या जेवणासाठी सौदा करायला आला. त्याला मी हाकललं, कारण त्याला उधारीवर पाहिजे होतं. एका गणेश मंडळाला मूर्तीपुढं जिवंत वाहन ठेवायचं होतं. कार्यकर्ते म्हणाले, "चांगला टुमटुमीत द्या." त्यांनीच निवडून सगळ्यात टुमटुमीत घेतला. अनंत चतुर्दशीच्या आधीच अध्यक्ष पळत आले, "लोखंडे, बाप्पापुढं बाळंतपण झालं हो." मी म्हणालो, "टुमटुमीत पाहिजे होता ना?"

आता जोगदंड मॅडम.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती शेवटची वर्षं. हैदराबादला शिकून मॅडम आमच्या परभणीतच एका कॉलेजात शिकवायला आल्या होत्या. मला खुर्ची देणाऱ्या त्या पहिल्या. त्यांना माझ्याकडून एक वेगळं काम करून घ्यायचं होतं. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत परदेशातून काही खास उंदीर आले होते. तिथं रोगाची साथ शिरली, म्हणून त्यातल्या थोड्या जोड्या दुसऱ्या गावी वाढवून बघायच्या होत्या. मॅडमनी आपल्या जुन्या गुरूंना, रेड्डीसाहेबांना, सांगितलं होतं, "आमच्याकडे एक माणूस आहे, त्याच्याकडे उन्हाळ्यातसुद्धा उंदीर मरत नाही." जमलं तर उंदीर कायमचे परभणीत राहणार होते आणि मॅडमचं संशोधन इथंच उभं राहणार होतं. नाही जमलं तर त्यांनी जन्मभर पोरांच्या वह्या तपासायच्या.

भाव ठरवायची माझी रीत जुन्या बाजाराची. हातावर उपरणं टाकायचं आणि त्याखाली समोरच्याची बोटं दाबायची. किती बोटं दाबली त्यावरून आकडा. चारचौघांना कळत नाही. बाईमाणसापुढं मी ते काढणार नव्हतो, पण तोंडानं आकडा सांगायची सवयही नव्हती. माझी चुळबुळ बघून मॅडमनी टेबलावरचा नॅपकिन स्वतःच माझ्या हातावर टाकला, खाली हात घातला आणि माझी बोटं दाबली.

"मॅडम, हे तर फार कमी झालं," मी म्हणालो.

"माझे वडील बैलबाजारात दलाल होते, लोखंडे. त्यांनी याहून कमी दाबलं असतं."

सौदा तिथंच झाला.

मग मी विचारलं, या उंदरांत एवढं काय आहे? दिसायला तर माझ्या उंदरांसारखेच. मॅडमनी मला माझ्याच भाषेत समजावलं. "तुमच्या बाजारात पुष्कळ हमाल असतात. त्यातला एक नक्की काय काम करतो, हे कसं कळेल?"

"त्याला घरी बसवा. काय अडतंय ते दिसंल."

"बरोबर. जीव पोटात घडत असतो तेव्हा त्याचं एकेक काम करणारे असे हमाल असतात. त्यांना जनुकं म्हणतात. तिकडच्या लोकांनी या उंदरांतलं एक जनुक मुद्दाम काढून टाकलंय. पण अडचण अशी की प्रत्येक कामाला हमालांची जोडी असते. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. एक घरी बसला तरी दुसरा काम ओढतो, वरून काही दिसत नाही. हे जे मी तुम्हाला देतेय, त्यांच्यात एक आहे आणि एक नाही. अशा नर-मादीची जोडी लावली की त्यांच्या पिलांत साधारण चौथा हिस्सा असा निघेल, ज्याच्यात दोन्ही नाहीत. त्या पिलात जे अडलेलं दिसेल, ते त्या जनुकाचं काम."

"मग काय अडलेलं दिसंल?"

"ते मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्हाला तेच दिसायला लागेल."

माझी जुनी तक्रार आहे ती हीच. पुढं जे झालं त्याबद्दल मी कितीतरी वर्षं हेच म्हणत आलो की काय पाहिजे ते मला कुणी सांगितलंच नाही. गिऱ्हाइकानं मालाचं वर्णन द्यायचं नाही आणि मग माल चुकला म्हणायचं, हा कुठला न्याय?

जोड्या लागल्या. वेतं झाली. पिलं आईपासून तोडायच्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की प्रत्येक वेतात एखाददुसरं पिलू रेंगाळतंय. अंगानं बारीक, डोकं आखूड, खायला टाकलेल्या गोळ्या नुसत्याच चाटणारं. माझ्या शेडमध्ये असं पिलू म्हणजे बट्टा. मानवतला मी बोजा उघडण्याआधी किडका, डागाळलेला कापूस वेचून काढत असे. कवडी म्हणतात त्याला. बोजा उघडला की वर फक्त पांढरा शुभ्र. तोच हात इथं चालला. बारकी पिलं मी एका डब्यात काढायचो आणि बायकोला म्हणायचो, "सुमन, आईला सांग, केराबरोबर उकिरड्यावर टाक म्हणावं." उरलेली धडधाकट पिलं कॉलेजात नेऊन द्यायचो. मॅडम एकेक निरखून बघायच्या आणि विचारायच्या, "मेलं का त्यातलं काही?"

मी छाती काढून म्हणायचो, "माझ्याकडं मरत न्हाई."

आई म्हणजे माझी सासू, रखमाबाई. मी त्यांना मामी म्हणायचो, म्हणजे दुसऱ्यांशी बोलताना. समोरासमोर आम्ही कधी बोललो नव्हतो. त्यांच्या गावाकडच्या जुन्या बायका जावयापुढं येत नसत, बोलायचं तर लेकीच्या आडून. मुलगा नव्हता, म्हणून त्या आमच्याकडं राहत होत्या, आणि जावयाचं फुकट खायचं नाही म्हणून शेड झाडत, हरभरे भिजवत, पडद्यांवर पाणी मारत. माझी चाहूल लागली की पदर ओढून भिंतीकडं तोंड. मला तर ते सोयीचंच होतं. घरात एक तोंड कमी.

तर मामींनी ती पिलं उकिरड्यावर टाकली नव्हती. हे मला कळलं ते रेड्डीसाहेब येण्याच्या आदल्या दिवशी. इतक्या वेतांत एकही वेगळं पिलू निघालं नाही म्हणून मॅडम घाबरल्या होत्या. आपणच जोड्यांत घोळ घातला की काय, असं त्यांना वाटत होतं. रेड्डीसाहेब स्वतः बघायला आणि काय ते ठरवायला येणार होते. मी शेड धुऊन काढली, आणि काही राहिलं का म्हणून स्वयंपाकघरात डोकावलो. जात्यामागं पत्र्याचा डबा. त्यात कापसाच्या गादीवर सहा बारके उंदीर, आणि दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी. मामींच्या तोंडात दात नव्हता. त्या स्वतःची भाकर अशीच कुस्करून खायच्या. त्याच वाटीतलं त्या उंदरांना देत होत्या.

माझं डोकं फिरलं. "सुमन, हे काय हाय?"

"आईनं पोसलेत," सुमन म्हणाली. "आई म्हणती, त्यांना दातच न्हाईत. बोट तोंडात घातलं तरी चावत न्हाईत. भिजवलेलं दिलं की खायलेत बिचारे."

भिंतीकडून आवाज आला, "सुमे, सांग त्यांना. बाईला दावा म्हणावं एकदा. लेकरांचे दात पडले तर आपण उंदराच्या बिळात टाकतो, तुझा दात दे म्हणतो. उंदरालाच दात न्हाईत, म्हणजे कायतरी इपरीत हाय."

"तुझ्या आईला सांग," मी ओरडलो, "आमी माल इकतो, इपरीत इकत न्हाई. उद्या हैदराबादचा साहेब यायलाय. त्याला गोणीतली कवडी वर काढून दावू का?"

डबा उचलला, मागच्या दारानं गेलो आणि उकिरड्यावर पालथा केला. घारी नेहमी तिथंच असतात. मी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेड्डीसाहेब रेल्वेनं आले. नामांतरावरून एस.टी. कधी सुटेल आणि कधी डेपोतच राहील याचा नेम नव्हता. साहेब मोठा माणूस, पण शेडमध्ये येताना चपला बाहेर काढल्या. पोत्यांचे पडदे बघून खूश झाले. मग एकेक उंदीर हातात घेऊन त्यांनी अंगठ्यानं ओठ वर केला आणि दात बघितले. सगळ्यांचे. जात्यामागचा डबा मला तेव्हाच आठवला, पण मी पुढचा उंदीर त्यांच्या हातात दिला.

"सबके दाँत हैं," ते म्हणाले. "बेदाँत का एक भी नै निकला?"

मी म्हणालो, "साहेब, माझ्याकडं बिनदाती माल निघतच न्हाई."

जोगदंड मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. तेव्हा त्यांनी सांगितलं की ज्याच्यात ते जनुक नाही त्या उंदराचे दात बाहेर येत नाहीत. दात आत तयार असतात. पण वाढत्या हाडाला एकीकडून घडवणारे असतात तसे दुसरीकडून खोदणारे असतात, आणि ते खोदून वाट करतात तेव्हा दात वर येतो. या पिलांत खोदणारे हजर असतात, पण कामाला हात लावत नाहीत. हेच तर बघायचं होतं. "इतक्या वेतांत एकही नाही, म्हणजे उंदरांची अदलाबदल झालीय," त्या म्हणाल्या. "चूक माझीच असणार, सर. मीच कुठंतरी घोळ केला."

साहेब काही बोलणार, इतक्यात शेडच्या दारामागून आवाज आला.

"सुमे, सांग त्यांना. बाईचं काय चुकलं न्हाई. तसले होते. सहा होते, मी भाकर कालवून घालत होते."

मॅडम झटकन दाराकडं गेल्या. "कुठं आहेत, आजी?"

आता ही म्हातारी सगळ्यांपुढं माझं नाव घेणार. घ्यायलाच पाहिजे होतं. मग त्या म्हणाल्या, "सुमे, सांग त्यांना. काल मांजरानं नेले."

रेड्डीसाहेबांनी हातातला उंदीर डब्यात ठेवला आणि हात पुसले. "चूहे तो बरोबर हैं, मॅडम," ते म्हणाले. "जगा बरोबर नै. जिधर बिल्ली घुसती, उधर ये चूहे नै रख सकते."

माझ्या शेडमध्ये मांजर. इतक्या वर्षांत मुंगी शिरू दिली नव्हती. एरवी असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला भिंतीची वीट न् वीट दाखवली असती. मांजर नव्हतं, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मग काय होतं, हे पुढं सांगावं लागलं असतं. जन्मभर ज्याची जीभ थांबली नाही तो मी गप्प बसलो, आणि मॅडमचे उंदीर माझ्या डोळ्यांदेखत खोक्यात भरले गेले.

खोकं स्टेशनवर मीच खांद्यावरून नेलं. हमालाला हात लावू दिला नाही. साहेब डब्यात चढले. मॅडम फलाटावर उभ्या होत्या. गाडी सुटायच्या आधी मी म्हणालो, "मॅडम, मांजर नव्हतं."

"माहीत आहे. तुमच्या शेडला मांजर शिरेल एवढी फट नाही. मी बघितलीय."

"मग साहेबांपुढं बोलला का न्हाईत?"

"त्या आजींनी झाकलं, ते मी का उघडू? आणि उघडून काय होणार होतं? मांजर म्हटलं तर दोष शेडचा. शेड दुरुस्त करता येते." मग त्या म्हणाल्या, "लोखंडे, पहिल्याच दिवशी मी तुम्हाला एक सांगितलं होतं. आठवतं?"

आठवत होतं. वर मी माझी तक्रार लिहिली, ती अर्धीच लिहिली. काय दिसेल ते सांगणार नाही, असं म्हटल्यावर मॅडम पुढं म्हणाल्या होत्या, "फक्त जशी होतील तशी सगळी आणा. निवडू नका." मी ऐकलं होतं. पण बाजारात प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं, आणि खराब दाणा दाखवला की उठून जातं. ही बाई खरंच म्हणतेय, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. साऱ्या जिंदगीत मला समोरच्याच्या बोलण्यामागचा भावच ऐकायची सवय. साधं बोलणं ऐकू येत नव्हतं.

"मरेल तो माझा, असं म्हणायचो मी," एवढंच मी बोललो.

"हो," त्या म्हणाल्या. "पण हे मेले नव्हते."

गाडी पूर्णेच्या बाजूला निघून गेली. उंदीर परत आले नाहीत. मॅडम पुढं माझ्याकडून साधे उंदीर घेत राहिल्या, खुर्चीही देत राहिल्या. भाव करताना त्यांनी पुन्हा नॅपकिन टाकला नाही. मी सांगेन तो आकडा मुकाट्यानं द्यायच्या. त्यामुळं मला आकडा वाढवता आला नाही.

स्टेशनवरून घरी आलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. सुमन अंगणात भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो. मामींनी चाहूल घेतली, पदर ओढला, भिंतीकडं वळल्या. मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोललो. म्हणालो, "मामी, माझं चुकलं."

त्यांनी भिंतीकडूनच अंगणाकडं आवाज दिला, "सुमे, पाव्हण्यांना इचार, वाढू का म्हणावं."

सुमन उठली नाही. मीच ताट घ्यायला आत वाकलो. जात्यामागं वाटी होती. दुधात भाकर कुस्करलेली, नेहमीपेक्षा जास्तीची, सहा जणांना पुरेल एवढी. सकाळी उठून हातानं सवयीनं कालवली असणार. वरचं दूध आटून साय धरली होती. मामींनीही मी वाटी बघितलेली बघितली, आणि पदराचं टोक हळूच तिच्यावर सारलं. माझ्यासाठी त्या पुन्हा झाकत होत्या.